उजवीकडे ओढणारी गाडी

दंडारीतल्या त्या नटाने स्टेअरिंग म्हणून हातात सूप धरलं होतं. धान पाखडायचं साधं बांबूचं सूप. दुसऱ्या हातात बाटली. तो झोकांड्या खात मंडपात शिरला, सूप गरगर फिरवलं आणि मागे खुर्चीवर बसलेल्या खोट्या मालकाला म्हणाला, "मालक, मी तं सरळच आहो जी, हा रस्ताच वाकडा होऊन राहिला!" मंडईला जमलेला सगळा गाव हसला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडारी होतात, आणि वर्षभरात गावात जे घडलं त्याची दंडारीत टर उडवली जाते. ती रीतच आहे. त्या वर्षी टर उडवायला माझे बाबा सापडले होते. पहिल्या रांगेत खऱ्या खुर्चीवर खरा मालक बसला होता आणि मांडीवर थाप मारून हसत होता. बाबा मागे, लिंबाच्या बुंध्याशी, छातीला पट्टा बांधून उभे होते. ते निघून गेले नाहीत. शेवटपर्यंत उभे राहिले. मी मात्र त्या दिवशी ठरवलं, की या माणसाला मी सोडणार नाही. नटाला नव्हे. खुर्चीवाल्याला.

त्या खुर्चीवाल्याला सगळे भय्याजी म्हणत. लाखनीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याची राईस मिल होती आणि आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या मिलवर चाले. पहाटे बॉयलरची शिट्टी झाली की माय चूल पेटवी. दिवसभर हलरची घरघर भिंतीतून ऐकू येई, आणि उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा तो उबट, थोडा आंबूस वास आमच्या कपड्यांना, उशांना, माझ्या कॉलेजच्या वह्यांनासुद्धा असे. जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण, भात, आणि तलावातले झिंगे मिळाले तर झिंग्यांची चटणी. बाबा मिलमध्ये हमाल नव्हते, ड्रायव्हर होते, भय्याजीच्या पांढऱ्या अँबेसेडरचे. ते रोज सकाळी गाडी अशी पुसत, की माय म्हणे, "माह्या भांड्यायले एखाद्या दिवशी असा हात लागू द्या." एवढी वर्षं गाडी चालवली, पण भय्याजीच्या घरी बाबांच्या चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओसरीच्या वळचणीला खोचलेला. बाबा तो स्वतः काढत, स्वतः विसळत, परत खोचत. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे लागेल.

अपघात झाला तो दिवाळीच्या आधी. बाबा भय्याजीला आणि त्याच्या साळ्याला घेऊन येत होते. आमच्या गावाआधी रस्ता तलावाच्या पाळीवरून जातो, तिथे डावीकडे वळण आहे आणि उजव्या हाताला पाणी. समोरून बैलबंडी आली, बाबांनी ब्रेक मारला, आणि गाडी वळणाबरोबर डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे तोंड करून पाळीवरून खाली उतरली. बेशरमीच्या झुडपांत अडकली म्हणून तिघं वाचले. साळ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाबांच्या दोन बरगड्या स्टेअरिंगवर गेल्या. भय्याजीच्या फक्त धोतराला चिखल लागला. तो वर आला, लोक जमले, आणि त्याच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: "हा पेऊन होता."

माझे बाबा. नागपूरच्या त्या मैदानावर लाखो माणसांत उभं राहून ज्यांनी धम्म घेतला आणि दारू पिणार नाही असं जे तोंडाने बोलले, ते शेवटपर्यंत पाळलं. लग्नाच्या पंगतीत शेजारी मोहाच्या दारूचा वास आला तर पत्रावळ उचलून दुसरीकडे बसणारा माणूस. त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली, पण नोकरीचं त्यांना एवढं लागलं नाही. विहारात वंदनेला ते मागे बसू लागले. कोणी काही म्हणत नव्हतं. तेच वाईट होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्ही बोलत काहून नाही?" तर भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "बोलून काय होते व."

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होते आणि पत्रकं लिहीत होते. वसतिगृहाच्या पाणचट वरणावर, बसच्या पासावर, मुलींच्या वाचनालयाला संध्याकाळी लागणाऱ्या कुलपावर. आमच्या चार-पाच जणांच्या गटाकडे एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन होतं. स्टेन्सिल कोरायची माझी बोटं कायम निळी असत. पत्रक कसं लिहायचं ते मला पाठ होतं: वर मोठा प्रश्न, मध्ये शिव्या न वाटणाऱ्या शिव्या, खाली मागणी. मंडईच्या दुसऱ्याच दिवशी मी बसले आणि लिहिलं: "ब्रेक फेल कोणाचे? गाडीचे की मालकाच्या माणुसकीचे?" आज वाचलं तर लाज वाटेल असं ते वाक्य आहे, पण तेव्हा ते लिहून मी स्वतःच टाळी वाजवली होती. दोनशे प्रती काढल्या. मोठा गठ्ठा घरी ठेवला आणि थोड्या प्रती घेऊन बसने लाखनीला उतरले, कारण मला छापण्याआधी विचारायला हवं होतं ते मी छापल्यावर विचारायला निघाले होते: ब्रेक खरंच फेल होते का?

हायवेच्या कडेला डोमा मिस्त्रीचं गॅरेज होतं. चार बल्ल्या, वर टिना, आणि खाली ट्रकच्या तेलाने काळी झालेली माती. डोमाजी बाबांचे जुने दोस्त. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या पायांशी बोलायचं, कारण बाकीचा माणूस गाडीखाली असे. मी गेले तेव्हा ते पाय ज्या गाडीखालून बाहेर आले होते ती भय्याजीची पांढरी अँबेसेडर होती. मडगार्ड ठोकून सरळ केलेलं, रंग मात्र अजून नाही. नव्या ड्रायव्हरने चार दिवस चालवून ती इथे आणून सोडली होती. "म्हणे, हे गाडी मले मारते," पाय म्हणाले. "चाबी फेकली अन् गेला आपल्या गावाले."

मी पत्रक गाडीखाली सरकवलं. मग डोमाजी सरपटत बाहेर आले, तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "लिहिलं मस्त व, बेबी. पण खोटं आहे."

"खोटं?"

"ब्रेक चांगले आहेत. चारही ड्रम खोलून पाहिले. हे वाटशीन, तं भय्याजी चार पंच आणून ब्रेक दाखवंल, अन् तुह्या बापासंगं तुले बी दारू पाजंल."

मला राग आला. भय्याजीचा नव्हे, डोमाजीचा. चोवीस तास धगधगत ठेवलेला माझा दारूगोळा त्यांनी एका वाक्यात ओला केला. मी म्हटलं, "मग काय आहे ते तुम्ही सांगा." ते म्हणाले, "सांगत नसतो. बस गाडीत."

त्या दिवशी जे पाहिलं ते मला आजही पाठ आहे. हायवेवर न जाता त्यांनी गाडी मागच्या बाजाराच्या मैदानात नेली. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान रिकामं. आधी एकाच चालीत सरळ चालवली, हात सोडून. गाडी सरळ. "म्हंजे समोरच्या चाकायचं तोंड ठीक आहे." मग ब्रेक दाबला, आणि माझं डोकं काचेवर आपटलं, कारण गाडीने उजवीकडे मान टाकली होती. "पाहिलं? आता कोणी बी म्हणंल, उजव्या चाकाचा ब्रेक जास्त धरते. म्या बी तेच म्हणलं. हवा पाहिली, टायर अदलाबदल केले, ड्रम खोलले. काही नाही. आता हे पाहाय." त्यांनी एक्सलेटर दाबला. गाडी डावीकडे सरकली. सोडला, की उजवीकडे. दाबला, डावीकडे. वळणावर घेतली तर मागचा भाग आपल्या मनाने यायचा, जसं दावं लांब सोडलेलं वासरू गाईच्या मागे येतं. "ब्रेकचा रोग राहिला असता तं ब्रेक मारल्यावरच वढली असती. एक्सलेटरवर उलटी काहून वढते? हे मागचं काम आहे, बेबी. समोर पाहून पाहून माहे दोन दिवस गेले."

परत आणून त्यांनी सुतळी काढली. पुढच्या चाकाच्या मधोमधून मागच्या चाकाच्या मधोमध, आधी उजव्या बाजूने. सुतळीला गाठ मारली. मग तीच सुतळी डाव्या बाजूने लावली आणि दुसरं टोक मला धरायला दिलं. गाठ चाकाच्या मध्यापर्यंत पोचेना. दोन बोटं कमी. एकाच गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब! "ब्रेक मारला का डावं चाक मांगं सरकते," डोमाजी म्हणाले. "मांगचा एक्सल तिरपा होते. मंग समोरचं स्टेअरिंग तुह्या बापाच्या हाती, अन् मांगचं कोणाच्याच हाती नाही."

मला गाडीखाली घेतलं. साडी खोचून मी त्या तेलकट मातीत पडले. मागच्या डाव्या पाट्याखाली, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, एक्सल बसतो तिथलं लोखंड घासून आरशासारखं चमकत होतं, आणि पाट्यांच्या चळतीत एक पाटा वेगळा होता. जाड, काळा, हातोड्याच्या खुणांचा. "हे बंडीचं लोखंड आहे," डोमाजी म्हणाले. "लोहाराचं काम. पाटा जाड झाला, तं मधला बोल्ट पुरला नाही, म्हणून बंडीचा कच्चा बोल्ट टाकला. तो तुटला. आता एक्सल फक्त बाहेरून आवळलेल्या पट्टीवर टिकून आहे. हा जादा पाटा कोणं टाकला, अन् काहून टाकला, ते मले नको विचारू. बापाले विचार."

"आणि तुम्ही आता काय करणार?"

"काही नाही. मालकाले खोट दाखवल्याबगर मी नट खोलत नसतो. बाजाराच्या दिवशी येईन म्हणून निरोप आहे त्याचा."

आता जे लिहिते ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मी गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "मिस्त्री, दाखवू नका. काही सापडलं नाही म्हणा. तशीच द्या गाडी." मला पाळीवरचं वळण दिसत होतं, उजवीकडचं पाणी दिसत होतं, आणि त्या पाण्यात या खेपेला बेशरमीची झुडपं नव्हती. मी ते थंडपणे बोलले. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. "अन् स्टेअरिंगवर जो बसला असंल," ते म्हणाले, "तो कोणाचा बाप?"

परवा माझी नात म्हणाली, आजी, किती वर्षं झाली, आता तरी त्या माणसाला माफ कर ना. मी तिला हा प्रसंग सांगितला. माफ मी त्याला तेव्हाही केलं नाही, आताही नाही. फक्त त्याच्या ड्रायव्हरला मारायचं नाही, एवढं डोमाजींनी शिकवलं.

घरी आले तर माय माझ्याच पत्रकांनी चूल पेटवत होती. उरलेला गठ्ठा मी घरी ठेवला होता. मी बाबांच्या खाटेशी उकिडवी बसले आणि विचारलं, "बंडीचा पाटा काहून टाकला?" मायच बोलली. "सांगून टाका ना जी. कवापर्यंत पोटात ठेवता?"

त्या काळी परवान्याशिवाय तांदूळ जिल्ह्याबाहेर नेता येत नसे. नाक्यावर ट्रक थांबवत, बंड्या थांबवत, पण पांढऱ्या गाडीतल्या भय्याजीच्या पांढऱ्या टोपीला शिपाई सलाम ठोकत. डिकीत तांदळाची पोती टाकली की गाडीचं बूड खाली बसे, आणि बसलेलं बूड शिपायाच्या डोळ्यांत आलं असतं. म्हणून भय्याजीने तो जादा पाटा टाकून घेतला. लाखनीला गाडी नेली असती तर मिस्त्रीने विचारलं असतं, म्हणून गावच्या लोहाराकडून. "जॅक म्याच लावला होता," बाबा म्हणाले. "त्याच्यानंतर गाडी मांगून हालाले लागली. तीन डाव सांगतलं त्याले. म्हणे, गाडी नाही हालत, तूच म्हातारा होऊन राहिला."

"मग हे लोकांना सांगायचं ना!"

"पाटा सांगतला का तांदूळ सांगा लागते. तांदूळ म्याच नेला व, बेबी. दारुडा नाही म्हणाले गेलो, तं आधी चोर म्हणा लागते."

म्हणजे भय्याजीला हे ठाऊक होतं! चिखलातून वर येता येता, धोतर झटकता झटकता त्याने हिशेब केला होता, की दारूचा आळ घेतला तर हा माणूस तोंड उघडू शकणार नाही. रागाच्या भरात बोलला असता तर मी कदाचित विसरले असते. पण तो रागात नव्हता. मी बाबांना एवढंच म्हटलं, "बाजाराच्या दिवशी तो डोमाजीकडे येणार आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." बाजाराच्या सकाळी मायला त्यांचा खाकी शर्ट गरम पाण्याच्या तांब्याने इस्तरी करताना मी पाहिलं.

बाजार भरला होता. वांगी, वालाच्या शेंगा, सुक्या मासळीचा वास, आणि गॅरेजभोवती रिकामटेकडे. भय्याजी आला, वाकून पाटा बघितला न बघितल्यासारखा केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "असे पाटे समदेच टाकतात. चालवणाऱ्यात दम पायजे. पेऊन चालवली तं कोणती बी गाडी तलावातच जाते." दोन-चार जण हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बाबा आले. खाकी शर्ट, आत पट्टा, ताठ. एवढं चालून धाप लागली होती.

"बसा जी, भय्याजी," ते म्हणाले. "एक चक्कर मारू."

"तू चालवशीन? मले पुन्हा तलावात घालाले?"

"अठी तलाव नाही. मैदान आहे. तलाव तं मिलच्या रस्त्यावर आहे."

"बसा ना जी!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मग दुसरा. तो ना म्हणू शकला असता, पण मग पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीचा काय उपयोग? त्याने दार उघडलं. आणि तेव्हा बाबांनी हात आडवा धरला. "आधी वास घ्या."

"काय?"

"माह्या तोंडाचा. पेलो असंल तं आताच सांगा, इतक्या लोकायच्या समोर. मांगून नका सांगू." आणि त्यांनी तोंड उघडून भय्याजीच्या नाकाशी नेलं.

ज्या माणसाच्या घरी बाबांचा कप वळचणीला होता, तो मान मागे घेत होता, आणि मागे गाडी होती. बाबांनी हाऽ करून श्वास सोडला. एकदा. दोनदा. "सांगा जी." शेवटी भय्याजी पुटपुटला, "नाही येत." "मोठ्यानं," मी म्हणाले. हो, मी म्हणाले, आणि त्याला ते म्हणावं लागलं.

मग बाबांनी गाडी मैदानात नेली, सायकलच्या वेगाने. एक्सलेटर, डावीकडे. सोडला, उजवीकडे. ब्रेक मारला तशी गाडीने मान टाकली, शेपूट फिरवलं आणि धुरळ्यात अर्धी आडवी झाली. मागच्या काचेतून टोपी पडलेला भय्याजी दिसला, दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेला, "थांबव, थांबव!" करत. सायकलच्या वेगाने! लोक पोट धरून हसले. डोमाजींनी सुतळी काढून दोन्ही बाजू मोजून दाखवल्या, आणि मग एका म्हाताऱ्याने तो प्रश्न विचारलाच: "पण जादा पाटा टाकाची गरज काहून पडली गा?"

भय्याजी बाबांकडे बघत होता. बाबा बोनेटवर हात ठेवून उभे होते, श्वास घेत. मग म्हणाले, "डिकीत तांदूळ राहे. नाक्यापलीकडं नेत होतो. मीच नेत होतो. त्याची सजा मले द्या. पण दारू म्या पेलो नाही."

दुसरं पत्रक मी त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. सुतळी, दोन बोटं, पाटा, बोल्ट, तांदूळ, आणि बाबांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं. ते नाक्यावरही वाटलं. त्यानंतर शिपाई सलाम करून झाल्यावर डिकीही उघडायला लागले. बाबांनाही दोनदा चौकीवर बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं. ते गेले, बसले, आले. पण विहारात ते पुन्हा पुढे बसू लागले. भय्याजीने माफी मागितली नाही. मी त्याची वाट पाहत नव्हते. मी मंडईची वाट पाहत होते.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर मी त्या दंडारीच्या मंडळींच्या गावी गेले, बाबांची नक्कल करणाऱ्या नटाला गाठलं आणि पत्रक वाचून दाखवलं. तो ओशाळला, मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. त्या मंडईला भय्याजी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होता; आला नसता तर लोकांनी विचारलं असतं. पडदा सरला. तोच नट, तेच सूप. पण या वेळी ड्रायव्हर ब्रेक दाबत, सूप फिरवत ताठ बसला होता आणि पांढरी टोपी घातलेला मालक त्याच्याभोवती चारी पायांवर रांगत, नाक फुलवून हुंगत होता. "येते का जी वास?" "येते!" "कायचा?" "तांदळाचा!" मंडप कोसळेल असं हसू उठलं. मी भय्याजीकडेच पाहत होते. त्याच्या मानेवरची प्रत्येक शीर मोजली, आणि मला जे सुख झालं त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मग वळून बाबांकडे पाहिलं. ते लिंबाच्या बुंध्याशी नव्हते, पुढे येऊन बसले होते. हसत मात्र नव्हते. कपाळाला आठी घालून नटाच्या हातातल्या सुपाकडे बघत होते. मला वाटलं, पुन्हा काही लागलं त्यांना. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं, बाबा?"

"काही नाही व," ते म्हणाले. "ब्रेक मारला का ते गाडी उजवीकडं वढे. म्हंजे स्टेअरिंग डावीकडं फिरवा लागते. ह्यानं सूप उजवीकडं फिरवलं. जाऊन सांग त्याले."